कॉकटेल-प्रेरित बिअर

कॉकटेल-प्रेरित बिअर ही एखाद्या प्रसिद्ध कॉकटेलची चव व सुगंध समोर ठेवून तयार केलेली क्राफ्ट बिअर होय. तयार बिअरमध्ये दारू मिसळून केलेल्या पेयाहून ती वेगळी असते. कॉकटेलमधील फळाची साल, मसाले, मीठ किंवा ओक लाकूड हे घटक बिअर बनवतानाच वापरले जातात. लिंबूवर्गीय फळांची साल हा त्यांतील महत्त्वाचा घटक असल्याने नागपूर जिल्ह्यातील काटोल परिसरातील संत्र्याचा विचार या संदर्भात उपयुक्त ठरतो.

पार्श्वभूमी

१८०६ मध्ये न्यू यॉर्क राज्यातील हडसन येथील एका वृत्तपत्राने कॉकटेलची व्याख्या मद्य, साखर, पाणी व बिटर्स (कडू वनस्पतींचा अर्क) यांचे मिश्रण अशी केली. 'ओल्ड फॅशन्ड' हे कॉकटेल याच घडणीचे असून त्यात व्हिस्की व संत्र्याची साल असते. त्यावर आधारित बिअरसाठी गडद माल्टची बिअर ओकच्या पिंपात किंवा ओकच्या तुकड्यांवर मुरवतात व तिला सालीचा सुगंध देतात. टकिला, लिंबू व मीठ यांच्या 'मार्गारिटा'साठी जर्मनीतील 'गोझ' ही आंबट, किंचित खारट बिअर सोयीची ठरते. गोझमध्ये धणे व मीठ परंपरेनेच असतात.

काटोलचे संत्रे

काटोल, नरखेड, वरूड व मोर्शी हा विदर्भातील संत्र्याचा प्रमुख पट्टा आहे. काटोल येथे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आंबिया बहाराची फळे हिवाळ्याच्या आरंभी, तर मृग बहाराची फळे फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास बाजारात येतात.

या संत्र्याचा रस बिअरसाठी तितकासा सोयीचा नसतो. रसातील बहुतेक साखर किण्वनात संपते, आणि काढून ठेवलेल्या रसात लिमोनिन तयार होऊन तो कडवट होतो. सुगंधाचे तेल सालीच्या केशरी थरात असते. म्हणून हा थर पातळ किसून उकळीच्या शेवटी किंवा किण्वनानंतर घालतात. बेल्जियन गव्हाच्या बिअरमध्ये कुरासाओच्या कडू संत्र्याची साल वापरतात. नागपुरी साल तिच्या मानाने सौम्य असल्याने कडवटपणा हॉप्स किंवा मसाल्यांतून आणावा लागतो. साल थेट वापरायची असल्यामुळे फळावर मेण नसणे, तसेच शेवटची फवारणी व तोडणी यांत पुरेसे अंतर असणे आवश्यक ठरते. त्यामुळे या उपयोगासाठी फळाच्या आकारापेक्षा सालीची शुद्धता महत्त्वाची ठरते.

आस्वादन

गडद बिअर साधारण १० ते १३ अंश सेल्सिअसला, तर आंबट बिअर त्याहून थंड देतात. प्रथम रंग व फेस पाहतात. सालीचे तेल जास्त झाल्यास फेस लवकर बसतो. नंतर वास घेतात. ताज्या सालीचा वास स्वच्छ असतो, तर जुन्या तेलाला टर्पेंटाइनसारखा दर्प येतो. पहिल्या घोटात माल्टची गोडी, मग फळ व मसाला, आणि शेवटी कडवटपणा असा क्रम तपासतात. जिभेवर रेंगाळणारा तुरट कडूपणा सालीचा पांढरा पापुद्रा मिसळल्याचे लक्षण असू शकतो. मूळ कॉकटेलची ओळख पटणे अपेक्षित असले, तरी ते नाव न सांगता दिल्यासही पेय बिअर म्हणून समतोल वाटणे ही मुख्य कसोटी मानता येते.

महाराष्ट्रातील स्थिती

पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेली डूलाली ही देशातील आरंभीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक आहे. राज्यात सौम्य बिअरसाठी किमान वय २१, तर व्हिस्कीसारख्या मद्यासाठी २५ वर्षे आहे. नागपूरलगतच्या वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे. 

हेही पहा

नागपुरी संत्रे, काटोल, बिअर, कॉकटेल