‘टार्डी’ : मंद गतीपासून उशिरापर्यंत

उशीर दाखवणारी इंग्रजीतील दोन विशेषणे आपल्या परिचयाची आहेत. त्यांपैकी ‘लेट’ मराठीत इतके रुळले आहे की ते आता परके वाटत नाही. ‘टार्डी’ मात्र आपल्याकडे बव्हंशी कोशातच राहिले. अमेरिकेतील शाळांत ते रोजच्या वापरात आहे. घंटा झाल्यावर वर्गात येणाऱ्या मुलाच्या नावापुढे हाच शेरा पडतो. तेथे उच्चार ‘टार्डी’, रकार स्पष्ट. इंग्लंडच्या प्रमाण उच्चारात रकार लोपतो आणि आधीचा ‘आ’ लांबतो : ‘टाऽडी’. भाववाचक नाम ‘टार्डिनेस’.

शब्दाचे मूळ लॅटिन ‘टार्डुस’. त्याचा पहिला अर्थ उशीर नव्हे, तर मंद, सावकाश चालणारा. फ्रेंच ‘टार्डिफ’च्या वाटेने तो १५व्या शतकात इंग्रजीत स्थिरावला, तोही मंद याच अर्थाने. ‘वेळ टळून आलेला’ हा अर्थ पुढे बळावला. ‘लेट’ची कथाही हीच आहे. त्याचे मूळ जर्मानिक, पण प्राचीन इंग्रजीत त्याचाही अर्थ मंद, आळसट असाच होता. भिन्न कुळांतील दोन शब्द एकाच वाटेने गेले, हा योगायोग आम्हांस वाटत नाही. चालीची मंदता ही स्वभावाची बाब. उशीर ठरायला मात्र आधी कोणीतरी वेळ ठरवून द्यावी लागते.

आपल्या ‘विलंब’ शब्दातही हे दोन्ही अर्थ नांदतात. ‘लम्ब्’ म्हणजे लोंबणे, रेंगाळणे. कचेरीत विलंब हा दोष. पण ख्यालगायनात विलंबित लय ही गायकाची कसोटी! गंमत म्हणजे पाश्चात्त्य संगीतात लय हळूहळू मंदावण्याची सूचना ‘रिटार्डान्डो’ ही याच ‘टार्डुस’ची संतती आहे. कलेत जे सामर्थ्य, तेच हजेरीपटावर अपराध ठरते.

याहून कठोर वळण पुढे आहे. लॅटिनमध्येच ‘टार्डुस’ला ‘मंदबुद्धी’ असा अर्थ चिकटला होता. त्याच मुळाच्या ‘रिटार्डेड’ या शब्दाने विसाव्या शतकात प्रथम वैद्यकीय संज्ञा म्हणून प्रवेश केला आणि पाहता पाहता ती शिवी झाली. अमेरिकेने २०१०च्या ‘रोझाज लॉ’ने आपल्या संघीय कायद्यांतून ‘मेंटल रिटार्डेशन’ ही संज्ञा वगळली. भारताच्या १९९५च्या अपंगत्वविषयक कायद्यात ती होती. २०१६च्या कायद्यात तिची जागा ‘बौद्धिक अक्षमता’ या अर्थाच्या संज्ञेने घेतली. मराठीतील ‘मंद’ या शब्दाचा प्रवास तरी कोठे निराळा आहे? आकाशात सावकाश सरकणारा शनी आपल्याकडे ‘शनैश्चर’ आणि ‘मंद’ झाला, आणि वर्गात सावकाश शिकणारा मुलगाही ‘मंद’च.

त्याच मुळाचा एक जीव मात्र या साऱ्या शेऱ्यांना पुरून उरतो. ‘टार्डिग्रेड’, म्हणजे मंद पावलांचा. हा सूक्ष्म जलचर २००७मध्ये अंतराळाच्या निर्वात पोकळीत ठेवला असताही जगला.

आम्हां अध्यापकांना या व्युत्पत्तीतून घ्यायचे ते एवढेच : उशिरा येणे आणि सावकाश शिकणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शब्दाने त्या एकत्र केल्या असतील. शेरा लिहिताना आपण त्या वेगळ्या ठेवाव्यात.