क्षेत्र, वर्ग आणि संहिता : इरावती कर्वे यांच्या ज्ञानव्यवहाराविषयी

मराठी वाङ्मयेतिहासात इरावती कर्वे (१९०५–१९७०) यांची नोंद प्रायः ललित निबंधकार आणि ‘युगान्त’कर्त्या म्हणून होते, मानवशास्त्राच्या अध्यापक ही त्यांची ओळख परिचयापुरती उरते. ही विभागणी सोयीची असली, तरी त्यांच्या लेखनाची घडण तिच्यामुळे झाकली जाते.

बर्लिनमध्ये त्यांचे प्रशिक्षण कवट्यांच्या मोजमापांचे होते. १९३९पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवताना या मोजमापाला नातेवाचक शब्दांच्या संग्रहाची जोड मिळाली. सासऱ्याला ‘मामंजी’ आणि सासूला ‘आत्याबाई’ म्हणणारे मराठी घर आते-मामे भावंडांच्या विवाहाची खूण आपल्या बोलीत जपून असते. क्षेत्रात ऐकलेले असे शब्द आणि संस्कृत ग्रंथांतील नातेव्यवस्था यांना एकमेकांशेजारी ठेवून ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ (१९५३) हा ग्रंथ सिद्ध झाला. अशा अध्यापकाच्या लेखी क्षेत्र आणि संहिता हे दोन वेगळे विषय उरत नाहीत.

क्षेत्रकार्य हेच अध्यापनाचे माध्यम झाले, की ज्ञान एकट्याचे राहत नाही. य. भा. दामले, के. सी. मल्होत्रा आणि जाई निंबकर यांच्यासह प्रसिद्ध झालेली बाईंची संशोधने या सामूहिकतेची साक्ष देतात. त्यांपैकी कोयना धरणाने विस्थापित झालेल्यांच्या पाहणीत (१९६९) तर ‘माहिती देणारा’ हा धोरणाचे परिणाम भोगणाराही आहे. त्याच्याकडे निव्वळ तटस्थतेने पाहणे तेथे अपुरे पडते.

तटस्थतेचा हा प्रश्न ‘वाटचाल’ या लेखात अधिक तीव्र होतो. पंढरीच्या वाटेवरील दिंडीत ब्राह्मण आणि मराठे यांच्या पंगती वेगळ्या. निवेदिका दोन्हींकडे जेवते. पंगती मात्र एक होत नाहीत. निरीक्षकाची जात निरीक्षणाबाहेर ठेवता येत नाही, हे येथे सिद्धान्ताची भाषा न वापरता सांगितले गेले आहे. १९६२ साली हाच लेख इंग्रजी रूपात ‘जर्नल ऑफ एशियन स्टडीज’मध्ये आला. मराठीत ललित ठरलेला मजकूर तेथे मानवशास्त्राच्या अभ्यासकांपुढे गेला, ही बाब आपल्या वाङ्मयप्रकारांच्या व्यवस्थेलाच प्रश्न विचारते.

‘युगान्त’ (१९६७) या पार्श्वभूमीवर वाचावयास हवे. कोण कोणाच्या घरात आली, कोणत्या नात्याने बांधली गेली आणि त्या नात्याची किंमत कोणी दिली, हे क्षेत्रातले प्रश्न बाईंनी गांधारीला आणि कुंतीला विचारले. त्यातील व्यक्तिचित्रणाची प्रशंसा करणाऱ्या समीक्षेने त्या प्रश्नांचे मूळही शोधले पाहिजे.