आर्नीची फौज आणि बावीस वर्षांचा ‘जाड्या’

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जसंच्या तसं.

आजचा विषय गोल्फ. थांबा, लगेच स्किप करू नका! मला माहितीये, पुण्यात जन्मलेल्या अनिर्बान लाहिरीचं नाव सोडलं तर आपल्यातल्या निम्म्या लोकांना एकही भारतीय गोल्फर पटकन आठवणार नाही. पण ही गोष्ट खेळणाऱ्यांपेक्षा बघणाऱ्यांची जास्त आहे. म्हणजे आपली.

आधी एक कबुली देऊन टाकतो. १ एप्रिल २०२४, वानखेडे. मुंबई विरुद्ध राजस्थान. रोहितला बाजूला करून हार्दिक पांड्याला कॅप्टन केल्यानंतरची वानखेडेवरची ती पहिली मॅच. टॉसला हार्दिक आला आणि अख्ख्या स्टेडियमने हुर्यो केली. संजय मांजरेकरांनी माइकवरून सांगितलं, जरा नीट वागा. त्यावर आवाज आणखी वाढला. त्या आवाजात माझाही आवाज होता. मुंबईचाच कॅप्टन, अंगात मुंबईचीच जर्सी, आणि मी मुंबईचीच जर्सी घालून त्याच्यावर ओरडतोय. मित्र म्हणाला, “अरे, पण त्याने केलंय काय?” मला उत्तर देता आलं नाही. त्याने फक्त एकच केलं होतं, तो रोहित नव्हता.

पुढे तीन महिन्यांनी, ४ जुलैला, वर्ल्ड कप घेऊन टीम त्याच वानखेडेवर आली आणि तेच लोक ‘हार्दिक, हार्दिक’ करत होते. मी घरी टीव्हीवर बघत होतो. लाज वाटली आणि थोडं हसूही आलं. तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळत होता, की आवडता खेळाडू असणं इथपर्यंत ठीक, पण त्याच्यासमोरच्याचा राग राग करायला आपल्याला कोण शिकवतं?

आता साठ-बासष्ट वर्षं मागे जाऊ. अमेरिका, पेनसिल्व्हेनिया राज्य, लट्रोब नावाचं छोटं गाव. तिथल्या गोल्फ क्लबमध्ये डीकन पामर नावाचे गृहस्थ गवत राखायचं काम करायचे आणि क्लबचे प्रशिक्षकही तेच. लहानपणीच्या आजारामुळे एका पायाने अधू. त्यांचा मुलगा आर्नल्ड, जन्म १९२९. क्लबच्या आवारात राहायचं, पण मेंबर लोक खेळत असताना मैदानावर पाऊल ठेवायचं नाही. खेळायचं तर भल्या सकाळी, नाहीतर सगळे गेल्यावर संध्याकाळी. नोकरमाणसाचा मुलगा! याच आर्नल्ड पामरने पुढे १९७१ मध्ये तो अख्खा क्लब विकत घेतला. सिनेमात दाखवलं असतं तर आपण म्हटलं असतं, जरा जास्तच होतंय.

पामरचा खेळ बघायला देखणा नव्हता. बॉल मारताना सगळं अंग पिळवटायचं, मारून झाल्यावर मान वाकडी करून तो बॉलच्या मागे बघत राहायचा, जणू डोळ्यांनी ढकलतोय. पँट सारखी वर ओढायची सवय. चुकला की चेहऱ्यावर दिसायचं, जमलं तर त्याहून जास्त दिसायचं. आणि नेमका तेव्हाच टीव्ही आला. मास्टर्स ही ऑगस्टामधली मोठी स्पर्धा १९५६ मध्ये पहिल्यांदा टीव्हीवर दिसली आणि १९५८ मध्ये पामरने ती जिंकली. गोल्फमधला श्रीमंत, शांत, टापटीप माणूस बघायला कामगाराने टीव्ही लावला नसता. हा मात्र त्याला आपल्यातला वाटला.

ऑगस्टाजवळ कॅम्प गॉर्डन ही लष्करी छावणी होती. त्या काळात मास्टर्सची तिकिटं संपत नसत (आज विश्वास बसणार नाही), म्हणून गणवेशातल्या सैनिकांना फुकट प्रवेश द्यायचे. हे सैनिक पामरच्या मागे मागे फिरायला लागले. त्यातून ‘आर्नीज आर्मी’ हे नाव पडलं, आर्नीची फौज. नाव गमतीत पडलं, पण फौज खरी निघाली. क्रिकेटमध्ये आपण एका जागी बसून बघतो. गोल्फमध्ये प्रेक्षक खेळाडूबरोबर चालतात, दोरीच्या पलीकडून, होलमागून होल. पामर चालायला लागला की अख्खी टेकडी चालायला लागल्यासारखं वाटायचं.

१९६० ची यूएस ओपन झाली डेन्व्हरजवळ चेरी हिल्सला. गोल्फचा हिशोब सोपा आहे. चार फेऱ्या, प्रत्येकी १८ होल, एकूण ७२. ज्याला सगळ्यात कमी फटके लागले तो जिंकला. शेवटच्या फेरीआधी पामर ७ फटके मागे होता. म्हणजे जवळजवळ संपलेलाच. पहिलाच होल ३४६ यार्डांचा. त्याने पहिल्या फटक्यातच बॉल थेट ग्रीनवर नेला, फेरी ६५ मध्ये संपवली आणि स्पर्धा जिंकली. दोन फटके मागे, दुसऱ्या नंबरवर कोण होतं? वीस वर्षांचा एक कॉलेजचा पोरगा, जॅक निकलॉस. त्या दिवशी फौजेला तो दिसलाच नसणार.

जॅकचा जन्म १९४० चा, ओहायोतल्या कोलंबसचा. वडील चार्ली औषधांच्या दुकानांचे मालक. घरचं बरं, क्लबची मेंबरशिप, लहानपणापासून जॅक ग्राउटसारखा कोच. तेराव्या वर्षी त्यालाही पोलिओ झाला होता, सौम्य, त्यातून तो बरा झाला. पण ही गोष्ट कुणाला माहीत असणार? प्रेक्षकांना दिसायचं काय? बारीक कापलेले सोनेरी केस, गुटगुटीत अंग, हसू नाही, हातवारे नाहीत. एकेक पट मारायला एवढा वेळ घ्यायचा की १९६२ मध्ये पोर्टलँडच्या स्पर्धेत संथ खेळल्याबद्दल त्याला दोन फटक्यांचा दंड झाला. तरी ती स्पर्धा जिंकलाच. अशा माणसाचं काय करायचं!

तर जून १९६२. यूएस ओपन, ओकमाँट. हे मैदान पिट्सबर्गच्या शेजारी, लट्रोबपासून गाडीने फार तर तासाभरावर. म्हणजे पामरचं अंगणच. तो ३२ वर्षांचा, नुकताच तिसऱ्यांदा मास्टर्स जिंकलेला, अमेरिकेतला सगळ्यात लाडका खेळाडू. निकलॉस २२ वर्षांचा, व्यावसायिक होऊन सहा-सात महिने झालेले आणि अजून एकही व्यावसायिक स्पर्धा न जिंकलेला. आयोजकांनी पहिले दोन दिवस दोघांना एकाच जोडीत टाकलं.

पुढे जे झालं ते गोल्फमध्ये सहसा होत नाही. गोल्फमध्ये कुणी पट मारत असताना टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता पाळतात. इथे निकलॉस पट मारायला वाकला की लोक पाय आपटायचे. त्याचा फटका चुकला की टाळ्या. ‘फॅट जॅक’, म्हणजे जाड्या, अशा हाका. त्या काळात काही बहाद्दर बंकरजवळ पाट्या घेऊन उभे राहायचे, ‘जॅक, इथे मार’. बॉल वाळूत जावा म्हणून! बावीस वर्षांच्या पोराच्या पोटावरून हजारो लोक त्याला चिडवतायत आणि त्यात बँकेतले, शाळेतले, चर्चला जाणारे सभ्य लोक आहेत. मला वानखेडेवरची माझी रांग आठवते. माझ्या डाव्या हाताला एक काका होते, मुलीला खांद्यावर घेऊन. तेही ओरडत होते.

चार फेऱ्यांनंतर दोघांचे २८३ फटके. बरोबरी. रविवारी पुन्हा १८ होलचा प्लेऑफ. पहिल्या सहा होलमध्येच निकलॉस ४ फटक्यांनी पुढे गेला. मग पामरने त्याच्या पद्धतीने मुसंडी मारली आणि बाराव्या होलपर्यंत फरक फक्त एकावर आणला. तेव्हा फौजेचा आवाज कसा असेल, विचार करा. तेराव्यावर पामरला तीन पट लागले, बॉल होलच्या आसपास फिरत राहिला. आणि तिथेच संपलं. निकलॉस ७१, पामर ७४.

ओकमाँटचे ग्रीन काचेसारखे गुळगुळीत आणि उताराचे, बॉल थांबतच नाही. पामरने त्या आठवड्यात कितीतरी वेळा तीन पट घेतले. निकलॉसने ९० होलमध्ये फक्त एकदा. पाय आपटणाऱ्यांच्या मध्ये उभं राहून! निकलॉसने नंतर अनेकदा सांगितलंय, मला काही ऐकूच आलं नाही, माझं लक्ष खेळात होतं. खरं असेलही. पण वडील चार्ली गर्दीत होते आणि त्यांना ऐकू येत होतं. या गोष्टीत मला सारखे तेच दिसतात. पोटच्या पोराला आजूबाजूची माणसं नावं ठेवतायत, पोरगा जिंकतोय आणि बापाला नक्की कशाकडे बघावं कळत नाहीये.

पामरलाही हे आवडलेलं नव्हतं, त्याने नंतर तसं बोलूनही दाखवलं. हरल्यावर पत्रकारांना तो म्हणाला त्याचा मतितार्थ असा, की आता हा मोठा गडी पिंजऱ्यातून सुटलाय, सगळ्यांनी आडोसा शोधा. म्हणजे ज्याच्यासाठी लोक भांडत होते, त्याला समोरच्याची किंमत पहिल्याच दिवशी कळली होती. फौजेला कळायला बरीच वर्षं लागली.

आणि यातली सगळ्यात मोठी गंमत ऐका. ओहायोतल्या क्लीव्हलँडचे वकील मार्क मॅकॉर्मॅक यांनी १९६० मध्ये पामरशी हातमिळवणी करून खेळाडूंचं काम बघायचा धंदा सुरू केला. तीच पुढची आयएमजी कंपनी. लवकरच दक्षिण आफ्रिकेचा गॅरी प्लेअर आणि निकलॉस हेही त्यांचेच ग्राहक झाले. मग तिघांना मिळून ‘बिग थ्री’ म्हणून टीव्हीवर आणलं, एकमेकांविरुद्ध खेळवलं, भरपूर विकलं. मैदानावर दोन गट एकमेकांकडे डोळे वटारून बघतायत आणि तिघांचा हिशोब एकाच ऑफिसात चाललाय! दोन फॅन क्लब ट्विटरवर भांडत असतात आणि त्यांचे हिरो एकाच जाहिरातीत मसाला खात असतात, तसलाच प्रकार.

पुढची वर्षं भरभर सांगतो. निकलॉसने १९६३ आणि १९६५ ची मास्टर्स जिंकली, दुसऱ्यांदा तर २७१ फटक्यांचा विक्रम करून. पामरची शेवटची मोठी स्पर्धा १९६४ ची मास्टर्स, वय ३४. १९६६ च्या यूएस ओपनमध्ये नऊ होल राहिले असताना तो ७ फटक्यांनी पुढे होता आणि तिथून बिली कॅस्परने त्याला गाठलं, दुसऱ्या दिवशी प्लेऑफमध्ये हरवलं. १९६७ ला बाल्टसरॉलवर पुन्हा निकलॉस पहिला, पामर दुसरा. फौज अजूनही पामरच्याच मागे चालत होती. हरणाऱ्यावर जास्त जीव जडतो माणसाचा, काय करणार.

मग निकलॉस बदलला. १९६९ च्या शेवटी त्याने वजन उतरवलं, केस वाढवले. त्याच वर्षी रायडर कपच्या शेवटच्या ग्रीनवर इंग्लंडच्या टोनी जॅकलिनला साधारण दोन फुटांचा पट उरला होता. निकलॉसने तो मारायलाच लावला नाही, दिला म्हणून टाकला. सामना १६-१६ असा बरोबरीत सुटला. फेब्रुवारी १९७० मध्ये चार्ली गेले, वय फक्त ५६. जुलैमध्ये सेंट अँड्र्यूजला ब्रिटिश ओपन जिंकल्यावर कधीच भावना न दाखवणाऱ्या या माणसाने पटर हवेत उंच फेकला.

आणि १९८६ ची मास्टर्स. निकलॉस ४६ वर्षांचा, अटलांटाच्या पेपरात छापून आलेलं की हा आता संपला, आणि ते कात्रण आठवडाभर फ्रिजवर चिकटवलेलं. शेवटच्या नऊ होलमध्ये ३० फटके, फेरी ६५, सहावं ग्रीन जॅकेट. बॅग घेऊन बरोबर चालत होता त्याचा मुलगा जॅकी. ऑगस्टाची गर्दी वेडी झाली होती, लोक रडत होते. व्हिडिओ बघा कधीतरी. त्या गर्दीत पिकल्या केसांचे पुष्कळ चेहरे दिसतात. त्यांच्यातल्या काहींनी चोवीस वर्षांपूर्वी पाय आपटले असतील का, असं मला प्रत्येक वेळी वाटतं.

आता तुम्ही विचाराल, मोठा कोण? आकड्यांत वाद नाही. मेजर म्हणजे चार मोठ्या स्पर्धा. निकलॉस १८, पामर ७. निकलॉस शिवाय १९ वेळा दुसरा आलाय, जे मला अठरापेक्षाही भारी वाटतं. आजच्या पोरांचा वाद निकलॉस की टायगर वुड्स असा असतो, टायगरच्या १५ आहेत. टायगरने लहानपणी निकलॉसच्या पराक्रमांची यादी खोलीच्या भिंतीवर लावली होती. पामरला त्या वादात कुणी घेत नाही. पण अमेरिकेत हॉटेलात जाऊन ‘आर्नल्ड पामर’ मागा, तुम्हाला आइस टी आणि लेमोनेड एकत्र करून देतील. अठरा मेजर जिंकूनही निकलॉसच्या नावाने तसा ग्लास येत नाही.

म्हातारपणी दोघं घट्ट मित्र झाले. मास्टर्स सुरू होताना जुने विजेते पहिला फटका मारतात. २०१२ पासून पामर, निकलॉस, प्लेअर तिघं मिळून मारायचे. २०१६ ला पामर खुर्चीत बसून होता, त्याला मारणं जमलं नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो गेला. २०१७ च्या एप्रिलमध्ये पहिल्या टीवर पांढरी खुर्ची मांडली होती आणि तिच्यावर पामरचं ग्रीन जॅकेट. निकलॉसचे डोळे भरून आले होते, त्याने आकाशाकडे बघून टोपी वर केली आणि मग बॉल मारला.

माझं मत विचाराल तर खेळाडू म्हणून निकलॉस, दुसरा प्रश्नच नाही. पण १९६२ ला मी ओकमाँटला असतो तर दोरीच्या पलीकडून पामरच्याच मागे चाललो असतो. आणि पाय आपटले नसते, असं छातीठोकपणे सांगायला मी वानखेडेवर नसायला हवं होतं.

तुम्ही कुणाच्या मागे चालला असतात, ते कमेंटमध्ये लिहा. आणि कुणावर कधी ओरडला असाल, तर तेही. भेटू पुढच्या भागात.