वेनराइट इमारतीचे खांब : उत्तुंग वास्तूच्या सौंदर्याचा एक प्रश्न

अमेरिकेतील सेंट लुईस शहरी १८९०-९१ या काळात उभी राहिलेली वेनराइट इमारत अवघी १० मजली आहे. आजच्या मापाने तिला गगनचुंबी म्हणण्यास कोणी धजणार नाही. तथापि उंच इमारत सुंदर कशामुळे होते, या प्रश्नाचा विचार करणाऱ्या अभ्यासकाला तिला वळसा घालून पुढे जाता येत नाही. डँकमार ॲडलर व लुई सलिव्हन या शिकागोच्या वास्तुविशारदांनी ती एलिस वेनराइट या बिअरच्या कारखानदारासाठी बांधली.

उंच इमारतीचा प्रश्न मुळात सौंदर्याचा नव्हता; तो जमिनीच्या भावाचा आणि भिंतीच्या जाडीचा होता. १८७१ च्या आगीत शिकागोचा मध्यभाग भस्मसात झाला, आणि पुनर्बांधणीच्या काळात तेथील मोक्याच्या जागांना विलक्षण भाव आला. एलिशा ओटिसच्या सुरक्षा-योजनेमुळे लिफ्ट तोवर विश्वासार्ह झाली होती; त्यामुळे वरच्या मजल्यांनाही भाडेकरू मिळू लागले. अडचण उरली ती भिंतीची. भार भिंतीवर घेणारी इमारत जितकी उंच, तितकी तिची भिंत तळाशी जाड. बर्नहॅम व रूट यांच्या १६ मजली मोनॅडनॉक इमारतीत ही जाडी तळाशी सुमारे ६ फूट आहे. म्हणजे सर्वांत अधिक भाडे देणारी जागा भिंतीनेच गिळली. धातूच्या सांगाड्याने ही अडचण दूर केली. विल्यम ल बॅरन जेनी याच्या १८८५ च्या होम इन्शुरन्स इमारतीस या पद्धतीचा पहिला मान देण्याचा प्रघात आहे. त्याविषयी मतभेद आहेत, परंतु त्यांत येथे शिरण्याचे कारण नाही. ती इमारत १९३१ मध्ये पाडली गेली.

भिंतीवरचा भार उतरला, तेव्हा भिंतीने दिसावे कसे हा प्रश्न नव्याने उपस्थित झाला. तत्कालीन अनेक वास्तुविशारदांनी दर दोन-तीन मजल्यांवर एक आडवा पट्टा काढून जणू चार बुटक्या इमारती एकीवर एक रचल्या. इमारत उंच झाली, पण उत्तुंग दिसेना. सलिव्हनने उलट मार्ग धरला. वेनराइटचे खालचे दोन मजले त्याने रुंद खिडक्यांचे व सपाट ठेवले. त्यांवर तिसऱ्यापासून नवव्या मजल्यापर्यंत विटांचे अरुंद खांब कोठेही खंड न पडता सरळ वर नेले. खिडक्यांखालील टेराकोटाच्या नक्षीदार पट्ट्या त्याने मागे सारल्या, त्यामुळे नजर आडवी न रेंगाळता खांबांबरोबर वर चढते. दहावा मजला पानावेलींच्या नक्षीत बसविलेल्या वाटोळ्या खिडक्यांचा असून त्यावर सपाट छज्जा पुढे आला आहे.

या रचनेमागील विचार सलिव्हनने १८९६ च्या आपल्या सुप्रसिद्ध निबंधात मांडला. तळघर, दुकाने, एकासारखी एक कचेरी असलेले मजले, यंत्रसामग्रीचा माळा, अशा प्रत्येक भागाचे कार्य त्याने सांगितले, आणि रूप या कार्यातून निघावे असे प्रतिपादिले. स्तंभाप्रमाणे बैठक, मध्य व शीर्ष असे तीन भाग असावेत, हा समकालीनांचा युक्तिवाद त्याने नाकारला. मौज अशी की, त्याची स्वतःची इमारत पाहणाऱ्याला स्तंभाचीच आठवण होते. परंतु निबंधातील खरा निर्णायक मुद्दा कार्याचा नाहीच. उंच इमारतीचा गाभा म्हणजे तिची उत्तुंगता, आणि कलावंताने तिलाच वाचा फोडावी, हा तो मुद्दा होय.

येथेच वाद उत्पन्न होतो. वेनराइटच्या त्या डौलदार खांबांपैकी एकाआड एक खांबात पोलाद नाही. बाहेरून सर्व सारखे दिसतात, परंतु भार निम्मेच वाहतात. कोपऱ्यांवरील खांब अधिक रुंद आहेत, त्यासही रचनेचे कारण नाही. सिगफ्रीड गिडियन याने १९४१ च्या ग्रंथात शिकागोच्या सांगाड्याला आधुनिक वास्तुकलेच्या पूर्वजाचे स्थान दिले. या परंपरेत वाढलेल्या समीक्षकांना रचनेशी प्रामाणिकपणा हाच सौंदर्याचा निकष वाटे, आणि या निकषावर वेनराइट दोषी ठरते.

मग निर्दोष कोण? मोनॅडनॉकचा १८९१ चा उत्तरार्ध, म्हणजे उत्तरेकडील अर्धा भाग, या कसोटीला बहुतांशी उतरतो. तेथे भिंत हीच भार वाहते, अलंकार जवळजवळ नाही, आणि तळाशी बाहेर फाकत गेलेली वीटभिंत आपले वजन स्वतःच सांगते. मात्र या संयमाचे श्रेय रूटच्या तत्त्वनिष्ठेइतकेच बोस्टनच्या मालकाच्या काटकसरीला द्यावे लागते. शेजारचा दक्षिणेकडील भाग १८९३ मध्ये पोलादी सांगाड्यावर उभा राहिला. तंत्राच्या दृष्टीने तो पुढचा. पण डोळा वळतो तो उत्तरेच्या जुन्या भिंतीकडेच.

न्यूयॉर्क येथील ३८ मजली सीग्रॅम इमारतीचे (१९५८) उदाहरण याहून बोलके आहे. तिचा कर्ता मीस व्हान डेर रोह हा रचनेच्या सत्याचा मोठा पुरस्कर्ता. परंतु अग्निसुरक्षेच्या नियमांनुसार पोलाद काँक्रीटने झाकणे भाग पडले, तेव्हा त्याने काचेच्या बाहेर कांस्याच्या आय-आकाराच्या पट्ट्या तळमजल्याच्या वरून माथ्यापर्यंत उभ्या लावल्या. इमारतीचा भार त्या वाहत नाहीत. सलिव्हनने विटांनी केले तेच येथे कांस्याने केले आहे, आणि त्या पट्ट्यांवाचून सीग्रॅमची कल्पना करवत नाही.

वेनराइटमधील निर्भार खांब ही सलिव्हनची नजरचूक होती, असे म्हणण्यासही आधार नाही. बफेलो येथील १३ मजली गॅरंटी इमारत त्याने १८९६ मध्ये पूर्ण केली. मधल्या पाच वर्षांत दोष सुधारण्यास त्याला पुरेसा अवसर होता. तेथेही खालच्या मजल्यांवर खांबांमधील अंतर रुंद आहे, ते पोलादाचे खरे अंतर. त्यावर उभ्या रेषांची संख्या एकदम दुप्पट होते. त्याने काही लपविलेले नाही. रस्त्यावर उभे राहून कोणीही खालचे खांब मोजावेत, नंतर वरचे मोजावेत.