दुसऱ्या माणसाचा हंगाम

१४ मे १९७७. नॉटिंगहॅम फॉरेस्टचे खेळाडू विमानात बसून मायोर्का बेटावर सुट्टीला चालले होते आणि त्यांचं नशीब खाली इंग्लंडात दुसरेच बावीस जण ठरवत होते. दुसऱ्या श्रेणीतले फॉरेस्टचे सामने संपलेले. बोल्टन वुल्व्ह्जकडून हरलं आणि ५२ गुणांवर अडकलेलं फॉरेस्ट तिसरा क्रमांक राखून पहिल्या श्रेणीत चढलं. बोल्टनला शेवटी ५१ गुण मिळाले. एका गुणाचा फरक! असा हा दुसऱ्याच्या कृपेने वर आलेला क्लब पुढच्या वर्षी थेट लीगचा विजेता झाला. खालून चढून पहिल्याच वर्षी अजिंक्यपद, हे त्यानंतर इंग्लंडात कोणालाही जमलेलं नाही.

आपल्या गोव्यात फुटबॉलच्या दर्दींना तोटा नाही. पण इंग्लिश क्लब म्हटला की युनायटेड, लिव्हरपूल, आर्सेनल. फॉरेस्टचं नाव निघालंच तर ते ब्रायन क्लफसाठी. क्लफ होताच तसा. फटकळ, टीव्हीवर रंगणारा, क्लबच्या संचालकांना न जुमानणारा. खेळाडू म्हणून २७४ लीग सामन्यांत २५१ गोल करून गुडघ्याच्या दुखापतीने बाद झालेला, आणि १९७२ साली डार्बी काउंटीला लीग जिंकून देणारा व्यवस्थापक. १९७७-७८ च्या हंगामाची गोष्ट नेहमी त्याच्या नावाने सांगितली जाते. मला मात्र हा हंगाम जेव्हा जेव्हा वाचावासा वाटतो, तेव्हा तो पीटर टेलरसाठी.

टेलर म्हणजे क्लफचा सहायक. मूळचा नॉटिंगहॅमचाच. एकेकाळी रॅले सायकलचा कारखाना असलेलं हे गाव, तिथे तो १९२८ साली जन्मला. मिडल्सब्रोला तो गोलरक्षक असताना क्लफ तिथे सेंटर फॉरवर्ड होता, तिथे मैत्री जमली. १९६५ साली क्लफने हार्टलपूल्स हा तळाचा क्लब हाती घेतला तेव्हा टेलर बर्टन आल्बियनचं व्यवस्थापकपद सोडून त्याचा मदतनीस म्हणून गेला. पुढे डार्बीही दोघांचंच. सरकारी कचेरीत वर्षं काढलेल्या माणसाला ही जोडी लगेच ओळखू येते. फाईलवर टिपणी एक जण लिहितो, खाली सही दुसऱ्याची असते. सहीला वजन असतंच, ते मी नाकारत नाही. पण टिपणी वाचल्याशिवाय फाईल कळत नाही.

१९७४ मध्ये क्लफ लीड्सला गेला तेव्हा टेलर ब्रायटनलाच थांबला. लीड्सने क्लफला ४४ दिवसांत घालवलं. जानेवारी १९७५ मध्ये क्लफ फॉरेस्टला आला, तोही एकटाच. त्या मोसमात क्लब दुसऱ्या श्रेणीत सोळावा, पुढच्या मोसमात आठवा. बरं चाललं होतं, पण बरंच. जुलै १९७६ मध्ये टेलर आला.

त्याचं काम माणसं ओळखायचं. नव्या माणसांइतकीच घरात पडून असलेलीसुद्धा. जॉन रॉबर्टसन हा स्कॉटिश पोरगा टेलरच्या कितीतरी आधीपासून फॉरेस्टमध्ये होता. अंगाने जड, वेगाच्या नावाने शून्य. टेलरने त्याला चांगलंच फैलावर घेतलं. तो डाव्या बगलेवरचा असा खेळाडू झाला की अख्ख्या संघाचा खेळ त्याच्या पायातून वाहू लागला. टोनी वुडकॉकला लिंकन आणि डॉनकास्टरला उसना दिलेला होता. तोही आघाडीला आला. लॅरी लॉईड लिव्हरपूलमधून कॉव्हेंट्रीत जाऊन विस्मरणात चाललेला. डावा बचाव सांभाळणारा फ्रँक क्लार्क तर १९७५ मध्येच न्यूकॅसलकडून फुकट आलेला.

सगळ्यांत मजेदार प्रकरण केनी बर्न्सचं. बर्मिंगहॅमचा हा आघाडीवीर भांडकुदळ म्हणून बदनाम, त्यात जुगारी. क्लफला तो नको होता. सांगतात की टेलर टोपी आणि काळा चष्मा चढवून ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यतीला त्याच्या मागावर जायचा, बाबा नेमकं करतो काय ते पाहायला. दीड लाख पौंडांच्या आसपास किंमत मोजून त्याला आणलं आणि आघाडीवरून उचलून बचावात उभं केलं. त्याच हंगामाच्या शेवटी इंग्लंडच्या फुटबॉल पत्रकारांनी वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवडला तो हाच बर्न्स.

सप्टेंबरच्या सुरुवातीला आर्सेनलने ३-० ने धुतलं. तेव्हा पीटर शिल्टनसाठी २ लाख ७० हजार पौंड मोजले गेले. गोलरक्षकासाठी एवढे पैसे म्हणजे तेव्हा चैन वाटायची, आणि शिल्टनचा स्टोक क्लब नुकताच खाली घसरलेला. पण टेलर स्वतः गोलरक्षक होता. आघाडीवीर गोल करतो तेव्हा गुण मिळाल्याचं सगळ्यांना दिसतं, गोलरक्षकाने वाचवलेला गुण कोणी मोजत नाही, हे त्याला अनुभवाने ठाऊक. ४२ सामन्यांत फॉरेस्टवर फक्त २४ गोल झाले. आधीचा गोलरक्षक जॉन मिडलटन डार्बीला देऊन वर २५ हजार पौंड घातले, आणि आर्ची जेमिल पदरात पडला. हा सौदा वाचून मला अजून हसू येतं.

डिसेंबरात दोन गोष्टी घडल्या. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघासाठी क्लफची मुलाखत झाली आणि जागा रॉन ग्रीनवूडला मिळाली. त्याच महिन्यात, १७ तारखेला, फॉरेस्टने ओल्ड ट्रॅफर्डवर युनायटेडला ४-० हरवलं. मार्चमध्ये लीग कपाच्या अंतिम सामन्यात समोर लिव्हरपूल, म्हणजे युरोपचा विजेता. शिल्टन त्या स्पर्धेत आधीच स्टोककडून खेळलेला, म्हणून बाद. गोलात १८ वर्षांचा ख्रिस वुड्स. वेम्ब्लीवर ०-०, फेरसामन्यात रॉबर्टसनच्या पेनल्टीवर १-०. खरं तर पेनल्टी ज्या चुकीवरून मिळाली ती चौकटीच्या बाहेर झाली होती, पण शिटी वाजली ती वाजली.

२२ एप्रिल १९७८ ला कॉव्हेंट्रीत ०-० बरोबरी होऊन लीग हातात आली. शिल्टनने जवळून आलेला एक हेडर अशा तऱ्हेने बाहेर ढकलला की तो हंगामाचा गोल म्हणावा, उलट्या दिशेचा. शेवटचा हिशेब: २५ विजय, १४ बरोबरी, ३ पराभव, ६४ गुण. विजयाला दोनच गुण होते त्या काळात लिव्हरपूल ७ गुणांनी मागे राहिलं. वर्षाचा सर्वोत्तम व्यवस्थापक हा मान क्लफला. मदतनिसासाठी तसा मान नव्हताच.

१९७९ आणि १९८० ला दोघांनी युरोपियन कपही आणला. १९८० मध्येच टेलरने क्लफसोबतच्या दिवसांवर पुस्तक काढलं, ते क्लफला रुचलं नाही. १९८२ मध्ये टेलर निवृत्त झाला, आणि काही महिन्यांत डार्बीचा व्यवस्थापक म्हणून परतला. एकटा मात्र त्यालाही जमलं नाही; हे न सांगणं अन्यायाचं होईल. इकडे क्लफला पुढे लीग कप मिळाले, लीग पुन्हा कधी मिळाली नाही. १९८३ मध्ये क्लफ एका धर्मादाय पदयात्रेवर असताना टेलरने रॉबर्टसनला डार्बीला नेलं. त्यावरून दोघांचं बोलणं बंद झालं ते कायमचं. ऑक्टोबर १९९० मध्ये टेलर गेला. क्लफ अंत्ययात्रेला हजर होता.

क्लफ २००४ मध्ये वारला. २००८ साली नॉटिंगहॅमच्या बाजारचौकात त्याचा पुतळा उभा राहिला, एकट्याचा. २०१० मध्ये डार्बीने पुतळा केला, तो मात्र दोघांचा. फॉरेस्टच्या मैदानावर क्लफच्या नावाची गॅलरी आधीपासून होती. समोरच्या जुन्या गॅलरीला पीटर टेलरचं नाव २०१५ साली दिलं गेलं, त्या हंगामानंतर ३७ वर्षांनी.