मांडीवरील गिटारची स्वरजुळणी : एका निवडीचा इतिहास



ज्यांना आपण सारे केवळ 'गुरुजी' म्हणत असू, त्या आपल्या संगीतशिक्षकांच्या स्मृतिप्रीत्यर्थ होणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलण्याची संधी मला मिळाली, याबद्दल मी शाळेचा ऋणी आहे. मी जन्मभर मराठी वाङ्मय शिकविले. तेव्हा आज मी संतकाव्यावर बोलेन, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. परंतु गुरुजींचे माझ्यावर जे ऋण आहे, ते एका वेगळ्याच विषयाशी जोडलेले आहे.

मी नववीत होतो. आपल्या इंदूरच्या गणेशोत्सवात त्या काळी ऑर्केस्ट्रांची मोठी चलती होती. अशाच एका कार्यक्रमात एक गृहस्थ मांडीवर गिटार आडवी ठेवून, डाव्या हातातील पोलादी सळई तारांवरून सरकवीत चित्रपटगीते वाजवीत होते. तो लांबत जाणारा, रेंगाळणारा सूर ऐकून मी वेडावून गेलो. कार्यक्रम संपल्यावर रंगमंचामागे जाऊन भीत भीत विचारले, "काका, या तारा कोणत्या सुरांत लावल्या आहेत?" ते माझ्याकडे पाहून हसले आणि काही न बोलता एकेक करीत सहाही खुंट्या पिळून त्यांनी तारा सैल केल्या. मग गिटार पेटीत ठेवून ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी ही हकीकत गुरुजींना सांगितली. ते म्हणाले, "अरे, मला गिटार येत नाही, पण सूर येतात. तू तार छेड, मी सूर सांगतो." त्यानंतर काय झाले, ते शेवटी सांगेन. तारा सैल करण्यामागे एक दीर्घ परंपरा आहे, हे मात्र मला फार उशिरा कळले. त्या परंपरेचाच आज मागोवा घ्यावयाचा आहे.

प्रथम वाद्याचे मर्म ध्यानात घेऊ. साध्या गिटारवर डाव्या हाताची चार बोटे निरनिराळ्या तारा निरनिराळ्या पडद्यांवर दाबू शकतात. मांडीवरील गिटारवर तारा उंच उचललेल्या असतात आणि बोटांच्या जागी एकच सरळ सळई असते. ती सर्व तारांना एकाच रेषेत स्पर्श करते. म्हणजे मोकळ्या तारांमध्ये परस्परांशी जे नाते असेल, तेच नाते सळईबरोबर वर-खाली सरकत राहते. नेहमीच्या गिटारची ई-ए-डी-जी-बी-ई ही जुळणी तशीच ठेवून सहाही तारा एकदम छेडल्या, तर सुसंवादी मेळ उमटत नाही. तेव्हा या वाद्यात जुळणी ही वादनापूर्वीची केवळ तयारी नव्हे. कोणते सुरसमूह विनासायास मिळावेत आणि कोणते सोडून द्यावेत, याचा निर्णय वादकाला आधीच घ्यावा लागतो. आपल्याला ही कल्पना अपरिचित नाही. भूपासाठी तंबोऱ्याची पहिली तार पंचमात लावणारा गायक मालकंसासाठी ती मध्यमात लावतो, कारण मालकंसात पंचम वर्ज्य आहे.

आता इतिहासाकडे वळू. १८३२ च्या सुमारास हवाईचा राजा तिसरा कामेहामेहा याने मोकाट गुरांचा बंदोबस्त शिकविण्यासाठी मेक्सिकोतून स्पॅनिश भाषक गुराखी आणविले. त्यांच्याबरोबर गिटार हवाई बेटांवर आली. स्थानिकांनी काही तारा सैल करून त्या आपल्या गाण्यांना अनुकूल अशा सुरांत लावल्या. या रीतीला 'की होआलू', म्हणजे 'सैल खुंटी' असे नाव पडले. तिच्यातील सर्वांत प्रचलित जुळणी, जाडीकडून बारीक तारेकडे, डी-जी-डी-जी-बी-डी अशी आहे. 'जी'ला षड्ज मानले की ती आपल्या भाषेत होते : प सा प सा ग प.

पुढील पाऊल एका शाळकरी मुलाने टाकले, हे या शाळेच्या सभागृहात मुद्दाम सांगावेसे वाटते. ओआहू बेटावरील लाईए गावी १८७४ मध्ये जन्मलेला जोसेफ केकुकू हा होनोलूलूच्या कामेहामेहा शाळेचा विद्यार्थी. त्याने १८८९ च्या सुमारास तारांवर पोलाद सरकवून वाजविण्याचे तंत्र सिद्ध केले. चाकूच्या पाठीने त्याने प्रयोग केले आणि शाळेच्या कर्मशाळेत सळई घडविली, असे सांगितले जाते. आपल्याकडे विचित्र वीणा आणि दक्षिणेतील गोट्टुवाद्यम् यांत तारेवर गुळगुळीत वस्तू सरकविण्याचे तंत्र होतेच. परंतु हे वाद्य जगभर पसरले ते हवाईतून. केकुकूने १९०४ मध्ये हवाई सोडले आणि अमेरिकेत व पुढे युरोपात वादन केले. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्को येथील पनामा-पॅसिफिक प्रदर्शनानंतर तर हवाईयन संगीताची अमेरिकेत लाटच उसळली.

या पहिल्या पिढीची निवड सरळ होती. 'प सा प सा ग प' हेच नाते दोन रीतींनी मिळते. पहिली, पाचवी आणि सहावी तार एकेक पूर्ण स्वर उतरविली की 'जी'ची जुळणी होते. त्याऐवजी दुसरी, तिसरी आणि चौथी तार एकेक पूर्ण स्वर चढविली की 'ए'ची होते. नाते तेच, पण ताण निराळा. सळईखाली ताठ तार अधिक उजळ बोलते. म्हणून अनेकांनी 'ए' पत्करली. आणखी एक प्रकार आला, तो 'सा ग प सा ग प'. यात खालच्या सप्तकातही वरच्यासारखीच बोटांची मांडणी मिळते, म्हणून सुरावट दोन्ही सप्तकांत सारख्या सुलभतेने वाजते. पण नृत्याच्या ठेक्यावर अंगठ्याने वाजवावयाचा खर्जातील पंचम हातचा जातो. एक मिळविताना दुसरे सोडावे लागते, हा नियम येथपासूनच दिसतो.

या जुळण्यांची मर्यादा लवकरच जाणवू लागली. सळई कोठेही ठेवा, शुद्ध गांधाराचा प्रसन्न मेळच उमटणार. ज्या गीताला कोमल गांधाराचा खिन्न मेळ हवा, तेथे वादक अडतो. त्याला दोनच तारांवर भागवावे लागते, किंवा सळई तिरकी धरावी लागते. आणि तिरक्या सळईने नेमका सूर लावणे हे वर्षानुवर्षांच्या साधनेचे काम आहे. १९०२ मध्ये होनोलूलूत जन्मलेला सोल होओपी हा वादक लॉस एंजेलिसला स्थायिक झाला. जॅझच्या प्रभावातून त्याने सी शार्प मायनर ही जुळणी पुढे आणली आणि वाद्याचे भावविश्व विस्तारले. त्याच सुमारास, १९३१-३२ मध्ये, ॲल्युमिनियमची ओतीव विद्युत् गिटार तयार झाली. आकारावरून तिला 'फ्राइंग पॅन' हे नाव मिळाले. आवाज आता विजेने वाढविता येऊ लागला, त्यामुळे साऱ्या तारा एकदम छेडून दणदणाट करण्याची गरज उरली नाही. दोन-तीन निवडक तारा छेडून सूक्ष्म मेळ ऐकविणे शक्य झाले, आणि अधिक गुंतागुंतीच्या जुळण्यांना वाव मिळाला.

त्यांपैकी सर्वांत यशस्वी ठरली ती सी सिक्स्थ, म्हणजे सी-ई-जी-ए-सी-ई. सरगमात : सा ग प ध सा ग. येथे एका धैवताने केवढी किमया केली, पाहा. 'सा ग प' छेडले तर प्रसन्न मेळ. सळई न हलविता 'ध सा ग' छेडले तर खिन्न मेळ. आपल्याकडे भूपाच्या स्वरांत धैवताला षड्ज मानले की धानी रागाचे स्वर मिळतात. मूर्च्छनेचे हेच तत्त्व येथे निराळ्या वेषात उभे आहे. पण याचीही किंमत आहे. पंचम आणि धैवत शेजारी आल्यामुळे सहा तारा बेसावधपणे छेडता येत नाहीत. कोणती तार बोलू द्यावयाची आणि कोणती तळहाताने गप्प करावयाची, हे क्षणोक्षणी ठरवावे लागते.

ओहायो राज्यात १९२० मध्ये जन्मलेला जेरी बर्ड हा या जुळणीचा सर्वांत मोठा साधक. तो हवाईयन नव्हता; लहानपणी एका फिरत्या हवाईयन मंडळीचे वादन ऐकून तो या वाद्याकडे वळला. त्याने सर्वांत खालचा 'सा' अर्ध्या स्वराने चढविला. एवढ्याने खालच्या चार तारांवर ए सेव्हन्थ हा नवा मेळ मिळाला आणि वरच्या पाच तारा जशाच्या तशा राहिल्या. पुढे १९५४ मध्ये वेब पियर्सच्या 'स्लोली' या ध्वनिमुद्रिकेत बड आयझॅक्सने पायटा दाबून वाजत्या तारेचा सूर बदलून दाखविला, आणि बहुतेक वादक पायट्यांकडे वळले. जुळणीची निवड त्यांना आता क्षणोक्षणी बदलता येत होती. बर्डने मात्र पायटे नाकारले. एक निवड करावी आणि तिच्या मर्यादेत राहून सळईच्या तिरकेपणातून उरलेले सारे काढावे, हाच त्याचा मार्ग राहिला.

भारतात हे वाद्य रुजविण्यात टाऊ मो या हवाईयन कलावंताचा वाटा मोठा आहे. १९४० च्या दशकात त्याचे कुटुंब कलकत्त्यात राहत होते. त्याचा शिष्य गार्नी निस याच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. पुढे व्हॅन शिप्ले, हजारा सिंग यांनी चित्रपटगीतांच्या सुरावटी घरोघरी पोचविल्या. परंतु निवडीचे खरे परिवर्तन केले ते जोधपूरच्या ब्रिजभूषण काबरा (१९३७-२०१८) यांनी. ते उस्ताद अली अकबर खाँ यांचे शिष्य. रागसंगीताला मेळ नको, एकेरी स्वराची अखंड मींड हवी. मेळासाठी लावलेली शुद्ध गांधाराची मोकळी तार कोमल गांधाराच्या रागात चुकून निनादली, तर रागाचाच भंग होतो. काबरांनी गिटारच्या तारा उंच केल्या, चिकारीची तार जोडली आणि मेळाचा मोह सोडला. पं. शिवकुमार शर्मा व पं. हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेली 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका या निर्णयाची साक्ष आहे. पं. विश्वमोहन भट्ट यांनी तरफा जोडून मोहनवीणा सिद्ध केली आणि १९९४ मध्ये त्यांना रे कूडरसह ग्रॅमी पुरस्कार मिळाला. हवाईच्या वादकाने विचारले होते, कोणते सूर एकत्र बोलावेत? आपल्या वादकाने विचारले, कोणते सूर गप्प राहावेत?

आता त्या सैल केलेल्या तारांकडे परत येतो. हवाईत जुळण्या ही घराण्याची ठेव मानली जाई. त्या बाहेरच्यांना, क्वचित आप्तांनाही, सांगितल्या जात नसत. वादन संपताच तारा सैल करून ठेवण्याची चाल होती. आमच्या गणेशोत्सवातील त्या गृहस्थांनी जे केले, ते असे सातासमुद्रापारचे होते. या गुप्ततेचे कारण समजण्यासारखे आहे. ज्याची उपजीविका वादनावर, त्याचे भांडवल म्हणजे ती जुळणी. परंतु परिणाम काय झाला? तरुणांना शिकविणारे कोणी उरले नाही आणि १९७० च्या सुमारास, जेथे हे वाद्य जन्मले त्या बेटांवरच ते वाजविणारे तरुण दुर्मिळ झाले. १९७२ मध्ये जेरी बर्ड होनोलूलूला राहावयास गेला. हवाईकडून जे मिळाले ते हवाईच्याच मुलांना परत द्यावे, या भावनेने त्याने उघडपणे शिकविले आणि आपल्या पद्धतीचे पाठ लिहून ठेवले. २००५ मध्ये त्याचे निधन झाले. ॲलन अकाका यांच्यासारखे त्याचे शिष्य पुढे स्वतः शिक्षक झाले.

हे वाचताना मला स्वतःची लाज वाटली, हे येथे कबूल करतो. एका संशोधक विद्यार्थ्याने एकदा माझ्याकडे माझी वर्षांची टिपणे मागितली होती. "अजून व्यवस्थित लावावयाची आहेत," असे सांगून मी ती दिली नाहीत. तीही एक प्रकारे खुंटी सैल करणेच होते. त्या टिपणांचा ग्रंथ मी लिहिला नाही आणि त्यालाही लिहू दिला नाही.

गुरुजींनी काय केले? त्यांनी आपल्या ग्रामोफोनवर एका गिटारवादनाची तबकडी लावली. सुरावट संपताना वादक सहाही तारा संथपणे, एकापाठोपाठ एक छेडीत असे. गुरुजी सुई उचलून तेवढाच भाग पुन्हा पुन्हा ऐकत आणि पेटीवर सूर शोधीत. शाळा सुटल्यावरच्या कितीतरी संध्याकाळी यात गेल्या. अखेर एके दिवशी त्यांनी फळ्यावर सहा अक्षरे लिहिली : प सा प सा ग प. सकाळी दहावीचा वर्ग भरेपर्यंत ती तशीच होती. पुसायची का, असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "राहू दे. आणखी कोणाला हवी असतील."

मी मोठा वादक झालो नाही. पण ती सहा अक्षरे मी पुढे विचारील त्याला सांगत आलो आहे, आणि माझी उरलेली टिपणे या वर्षी शाळेच्या ग्रंथालयाच्या स्वाधीन केली आहेत. ज्याला हवी त्याने ती न्यावीत.