देहाची दुसरी आठवण

१९०१ च्या जनगणनेत सातारा जिल्ह्याची लोकसंख्या ११,४६,५५९ भरली. आधीच्या दहा वर्षांच्या मानाने ती सुमारे सहा टक्क्यांनी घटली होती. दुष्काळ आणि प्लेग या दोघांनी मिळून ही माणसे नेली. आज सांगली जिल्ह्यात असलेले वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके तेव्हा साताऱ्यातच होते. म्हणून हा आकडा दोन्ही जिल्ह्यांतील आपल्या पूर्वजांचा आहे. गाठीचा ताप आला की गाव ओस पडे आणि माणसे माळावर झोपड्या घालून राहत. खंडाळा तालुक्यातील नायगावच्या लेकीने, सावित्रीबाई फुले यांनी, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी प्राण सोडला.

त्याच वर्षी १० जानेवारीला मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात डॉ. हाफकिन यांनी आपण तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. लोकांच्या मनात सुईची धास्ती होती आणि सरकारविषयी संशयही होता. अशा वेळी तिसरे आगाखान यांनी सर्वांसमोर लस टोचून घेतली, आपल्या खोजा जमातीला धीर दिला आणि प्रयोगशाळेसाठी स्वतःची वास्तूही दिली. हे आपण विसरता कामा नये.

लसीमागचा विचार साधा होता. मेलेले जंतू शरीराला दाखवायचे, म्हणजे जिवंत जंतू आले की शरीर त्यांना ओळखते. एकदा देवी येऊन गेल्या की त्या माणसाला पुन्हा येत नाहीत, हे लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. देवी आणि गोवर हे दोन वेगळे आजार आहेत, हे अबू बक्र अल-राझी या थोर हकिमांनी हजार वर्षांपूर्वीच ग्रंथात मांडले होते. ही झाली शरीराची पहिली आठवण. ती शत्रूला नावानिशी ओळखते.

पण शरीराला आणखी एक आठवण आहे का? हा प्रश्न हाफकिन यांच्या गुरूंपाशी जाऊन पोहोचतो. इल्या मेचनिकॉफ यांनी १८८२ साली इटलीतील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला. काही तासांनी पाहतात तो त्या काट्याभोवती पेशी गोळा झालेल्या! जंतूंना गिळणाऱ्या या पेशी म्हणजे आपल्या उपजत प्रतिकारशक्तीचे पहारेकरी. या शोधाबद्दल १९०८ चे नोबेल पारितोषिक मेचनिकॉफ यांना पॉल एरलिख यांच्यासोबत मिळाले. मात्र पुढे शंभर वर्षे शास्त्रज्ञांची समजूत अशी राहिली, की हे पहारेकरी शूर आहेत पण विसरभोळे आहेत. कालचा चोर आज आला तरी त्यांना तो नवाच.

ही समजूत बदलायला कारण झाली क्षयाची लस. क्षय आपल्या भागाला नवा नाही. पाचगणीचे बेल-एअर आणि सांगली-मिरजेमधील वानलेसवाडी ही नावे जुन्या पिढीला क्षयाच्या दवाखान्यांमुळेच माहीत होती. फ्रान्समध्ये कालमेत आणि गेरँ यांनी १३ वर्षांत २३० वेळा जंतू वाढवून ते दुबळे केले आणि १९२१ साली पहिल्या बाळाला बीसीजी दिली. भारतात १९४८ मध्ये ही लस सुरू झाली आणि १९५१ पासून तिची देशव्यापी मोहीम निघाली. आपल्यापैकी अनेकांच्या डाव्या दंडावरचा वण तिचाच.

या लसीची कहाणी विचित्र आहे. तामिळनाडूत चिंगलपेट येथे १९६८ पासून झालेल्या मोठ्या चाचणीत मोठ्यांच्या फुप्फुसाच्या क्षयावर तिचा उपयोग दिसला नाही. उलट पश्चिम आफ्रिकेतील गिनी-बिसाऊमध्ये, जन्मतः वजन कमी असलेल्या बाळांना ती लवकर दिली, तर क्षयाशी संबंध नसलेल्या आजारांनीही कमी बाळे दगावली. क्षयाची लस इतर रोगांशी कशी लढते?

याचे उत्तर २०१२ साली नेदरलँड्समधील नायमेखन येथे मिहाई नेतेआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातून पुढे आले. बीसीजी घेतलेल्या माणसांच्या पहारेकरी पेशी तीन महिन्यांनीही दुसऱ्याच जंतूंना अधिक जोमाने उत्तर देत होत्या. पुस्तकातले कामाचे पान आपण दुमडून ठेवतो ना, तसेच हे. मजकूर तोच राहतो, पण पान झटकन उघडते. पेशीतील जनुकांवर अशाच खुणा होतात. या पेशी तर थोड्याच दिवसांच्या सोबती. मग आठवण टिकते कशी? खुणा अस्थिमज्जेतील मूळ पेशींवरही होतात आणि तिथून नवे पहारेकरी तयार होऊनच येतात. ही दुसरी आठवण नाव लक्षात ठेवत नाही. ती फक्त सावध राहते, आणि काही महिन्यांनी पुसटही होते.

२३ मार्च २०२० रोजी सांगली जिल्ह्यातील इस्लामपुरात, सौदी अरेबियातून परतलेल्या एका कुटुंबातील चौघांना करोना झाल्याचे कळले. पुढे त्यांच्या संपर्कातील वीसहून अधिक जणांना लागण झाली. त्यांच्याविषयी अफवाही उठल्या. मिरजेच्या शासकीय रुग्णालयात उपचार होऊन त्यांतील बहुतेक सर्व बरे झाले. त्याच दिवसांत जगभर एक आशा बोलली जात होती, की बीसीजी घेणाऱ्या देशांना करोना फारसे काही करणार नाही. आपल्याकडे कित्येकांनी तर अभिमानाने सांगितले, ‘आपण लहानपणापासून जंतूंत वाढलो, आपल्याला काय होतंय!’ चाचण्या झाल्या. ग्रीसमधील वृद्धांत थोडा फायदा दिसला, पण आरोग्यसेवकांवरील मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत करोनापासून संरक्षण आढळले नाही. तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधी २०२१ च्या दुसऱ्या लाटेने तो अभिमान उतरवला होताच.

शास्त्रातील नवा शोध खरा असला तरी तो सर्व रोगांवरचा तावीज नव्हे. सावधपणा अती झाला तर हेच पहारेकरी घरातच दाह माजवतात, आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांशी त्याचा संबंध तपासला जात आहे. म्हणून दंडावरच्या वणावर विसंबून पुढची लस नाकारू नये. आगाखानांनी १८९७ साली दंड पुढे केला तेव्हा यातले काहीच कोणाला ठाऊक नव्हते. लोक घाबरलेले आहेत आणि कोणीतरी आधी पुढे व्हायला हवे, एवढे मात्र त्यांना कळले होते.